निम्मा पगार मिळणारच आहे, मग भांडण कशाचं?

जलसंपदा विभागात २००९ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "सरकारने शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मान्य केली आहे. मग संघटना अजून 'जुनीच पाहिजे' म्हणून का अडून बसली आहे? हा हट्ट आहे की त्यात काही तथ्य आहे? आणि मी नव्या योजनेसाठी विकल्प द्यावा का?" नोकरीला लागताना आपलं वय ३६ होतं, असंही त्यांनी लिहिलं आहे. हे वय लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

ताई, मी बत्तीस वर्षं लेखा शाखेत काढली आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या पेन्शन केसेस तयार करण्यात गेली. बरोबरीने संघटनेचं काम केलं. तेव्हा मी तटस्थ आहे असं समजू नका. पण बेरजा-वजाबाक्या मी दोन्ही बाजूंच्या करतो, आणि आमच्या व्यासपीठावरून होणाऱ्या काही चुकीच्या बेरजाही इथे सांगणार आहे.

आधी एक कबुली. ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय आमच्या कार्यालयात आला तेव्हा तो मीच नस्तीला लावला. १ नोव्हेंबर २००५ पासून जो नोकरीत येईल त्याला १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू नाहीत, १९८४ चे अंशराशीकरणाचे, म्हणजे पेन्शनचा भाग विकून एकरकमी पैसे घेण्याचे, नियम लागू नाहीत, जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, नाही. त्याऐवजी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस. केंद्राने हे १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदलं वगळून, आधीच केलं होतं. आम्ही तो कागद वाचला, "आपल्याला लागू नाही" म्हणालो आणि चहाला गेलो. ज्यांची पेन्शन जात होती ती पोरं तेव्हा नोकरीत आलीच नव्हती. ती संघटनेची सभासद नव्हती, सभेला नव्हती, मग ओरडणार कोण? पुढच्या वर्षी नवीन मुलं रुजू झाली तेव्हा मीच त्यांच्यापुढे फॉर्म सरकवून "भरून टाका रे, सगळ्यांनाच आहे" असं म्हटलं होतं. त्यातला एक जण आजही भेटला की हे वाक्य मला ऐकवतो.

आता जुनी पेन्शन म्हणजे नेमकं काय, ते पाहू. लोक 'निम्मा पगार' एवढंच सांगतात, पण निम्मा पगार हा त्यातला फक्त एक आकडा आहे. त्या आकड्यावर महागाई वाढ मिळते. नवा वेतन आयोग आला की जुन्या पेन्शनरांची मूळ पेन्शनही नव्याने बसवली जाते. ऐंशी ओलांडली की वाढीव रक्कम मिळते. पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि तो भाग १५ वर्षांनी परत चालू होतो. माणूस गेला तर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन, जोडीदारही गेला तर नियमात बसणाऱ्या मुलांना, अपंग अपत्य असेल तर त्याला. आणि या सगळ्यासाठी पगारातून एक पैसाही कापला जात नाही. जीपीएफची कपात होते, पण ते आपलेच पैसे, आज ७.१ टक्के व्याजाने आपल्यालाच परत मिळतात.

डीसीपीएसच्या जागी पुढे एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, आली. तिच्यात मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के आपले कापले जातात. सरकार आधी तेवढेच घालत होतं, एप्रिल २०१९ पासून १४ टक्के घालतं. निवृत्तीला जमलेल्या रकमेतले ६० टक्के हातात देतात आणि ४० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा ठरावीक रक्कम देणारी योजना, घ्यावी लागते. ती ॲन्युइटी म्हणजे तुमची पेन्शन.

एक उदाहरण मांडतो. आकडे सोपे धरले आहेत, कुणाचे खरे नव्हेत. निवृत्तीच्या दिवशी मूळ पगार ६०,००० आणि महागाई भत्ता ५० टक्के. जुन्या नियमाने पेन्शन ३०,००० आणि त्यावर वाढ १५,०००, म्हणजे ४५,०००. एनपीएसमध्ये समजा ५० लाख जमले. २० लाखांची ॲन्युइटी साडेसहा टक्क्यांनी धरली तर महिना सुमारे १०,८००. आमचे वक्ते इथेच थांबतात. "पंचेचाळीस हजार कुठे आणि दहा हजार कुठे!" म्हणून टाळ्या घेतात. मला ते पटत नाही, कारण हातात आलेले ३० लाख ते सोयीस्करपणे विसरतात. ते ७ टक्क्यांनी ठेवले तर महिना साडेसतरा हजार येतात. म्हणजे खरी तुलना ४५,००० विरुद्ध सुमारे २८,३००, आणि शिवाय मुद्दल शाबूत. फरक मोठाच आहे, पण टाळ्यांच्या वाक्यातला नाही.

खरी दरी नंतर पडते. महागाई भत्त्यात दरसाल पाच टक्क्यांची भर पडत गेली असं धरा. पंधरा वर्षांनी, म्हणजे माणूस त्र्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत, जुनी पेन्शन ६७,५०० झालेली असते. मधे वेतन आयोग आला तर त्याहून जास्त. एनपीएसवाला त्याच २८,३०० वर असतो, तेही मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या स्लॅबला त्या ३० लाखांतलं काही काढलं नसेल तर. औषधांचा खर्च नेमका तेव्हाच वाढलेला असतो.

शेअर बाजार कोसळला की पेन्शन बुडाली, हेही भाषणात फार ऐकू येतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरावीक योजनेत शेअर्सचा वाटा मर्यादितच असतो, बाकी मुख्यतः रोखे. त्यामुळे एका रात्रीत सगळं जात नाही. धोका आहे तो ॲन्युइटीच्या दराचा, कारण ज्या दिवशी निवृत्त व्हाल त्या दिवशीचा दर जन्मभर डोक्यावर बसतो. आणि धोका आहे महागाईचा. जुन्या पद्धतीत हे दोन्ही धोके सरकारच्या अंगावर होते, २००५ नंतर ते कर्मचाऱ्याच्या अंगावर आले. सुधारणा म्हणतात ती एवढीच.

पण लोक रस्त्यावर आले ते या गणितामुळे नाही. ते आले मृत्यूंमुळे. डीसीपीएसमधला तरुण कर्मचारी सेवेत असताना वारला, तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं, ग्रॅच्युइटीही नव्हती. २०१८ मध्ये सरकारने दहा वर्षांच्या आत मृत्यू झाला तर दहा लाख सानुग्रह देण्याचं ठरवलं. म्हणजे अकराव्या वर्षी मेलेल्याची बायको नऊ वर्षांत मेलेल्याच्या बायकोपेक्षा दुर्दैवी. माझ्या टेबलासमोर एक बाई बसल्या होत्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं सेवापुस्तक, मृत्यूचा दाखला आणि तीन पगारपत्रकं घेऊन. "किती बसेल पेन्शन?" एवढंच विचारत होत्या. मी सेवापुस्तक उलटं-सुलटं करत राहिलो, कारण उत्तर तोंडातून निघत नव्हतं. त्याच खोलीत, त्याच पदावर, एक वर्ष आधी लागलेल्या माणसाच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं होतं.

हे सगळं साठत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. १४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला. सातव्या दिवशी, २० मार्चला, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणं होऊन तो मागे घेतला गेला. त्या आठवड्यात अवकाळी आणि गारपिटीने पिकं झोपली होती आणि पंचनाम्याला तलाठी नव्हता. शेतकऱ्याने आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. संपाची वेळ आपल्या हातात नसते हे खरं, पण पंचनाम्यापुरती माणसं सोडायला हवी होती, असं माझं तेव्हाही मत होतं. बैठकीत मी ते बोललो आणि शिव्या खाल्ल्या.

संपाने काय मिळालं ते बघा, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. त्याच मार्चअखेरीस एनपीएसवाल्यांना सेवेतल्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी लागू झाली. पिशवीवाल्या बाईंसारख्यांचा प्रश्न सुटण्याची वाट उघडली. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती पण रुजू व्हायला उशीर झाला, त्यांना जुनी पेन्शन घेण्याचा एकदाच विकल्प मिळाला. मग १ मार्च २०२४ ला विधिमंडळात सुधारित योजना जाहीर झाली: शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, त्यावर महागाई वाढ, आणि पश्चात त्या पेन्शनच्या ६० टक्के कुटुंबाला. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला एकीकृत योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रिमंडळाने तीही स्वीकारली. 'देणं अशक्य' इथपासून 'निम्मा पगार' इथपर्यंत यायला सरकारला पावणेदोन वर्षंही लागली नाहीत.

आता हा नवा निम्मा आणि जुना निम्मा यांत फरक काय, ते यूपीएसवरून सांगतो, कारण तिचे नियम स्पष्ट छापलेले आहेत.

पहिली गोष्ट, कपात चालूच राहते. १० टक्के तुमचे, सरकारचे सगळे मिळून साडेअठरा. जुन्या पेन्शनीत तुम्ही काही भरत नव्हता. इथे भरता, आणि पूर्ण पेन्शन हवी असेल तर निवृत्तीला ती जमलेली रक्कम सरकारी निधीत जाते. त्यातून ६० टक्क्यांपर्यंत काढता येतं, पण मग पेन्शन त्याच प्रमाणात कापतात. तुमच्या हाती येतो तो दर सहा महिन्यांच्या सेवेमागे मासिक पगार व भत्त्याच्या एक-दशांश एवढी ठोक रक्कम.

दुसरी, मुलं. यूपीएसमधलं कुटुंब निवृत्तिवेतन निवृत्तीच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार असेल त्यालाच आहे. ज्यांच्या घरी मतिमंद किंवा अपंग अपत्य आहे त्यांनी हे वाक्य तीनदा वाचावं. आणि '६० टक्के' ऐकून हुरळू नका. निम्म्याचे साठ टक्के म्हणजे पगाराचे तीसच होतात, जुन्यातही तेवढेच होते.

तिसरी, वेतन आयोग. महागाई वाढ मिळेल, पण आयोगाबरोबर मूळ पेन्शन नव्याने बसवण्याची हमी यात नाही. वीस वर्षं जगणाऱ्या पेन्शनरासाठी हा सगळ्यात मोठा फरक आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

चौथी तुमच्या वयाची. तुम्ही ३६ व्या वर्षी लागलात, गट 'क' मध्ये ५८ ला निवृत्त व्हाल. २२ वर्षं भरतील. यूपीएसमध्ये पूर्ण निम्म्यासाठी २५ वर्षं लागतात, कमी असतील तर त्या प्रमाणात. २२ भागिले २५ करा: तुमचे ५० टक्के ४४ होतात. मूळ पगाराची बारा महिन्यांची सरासरी ६०,००० असेल तर ३०,००० ऐवजी २६,४००. जुन्या नियमात २२ वर्षांच्या सेवेला पूर्ण पेन्शन होती. आता विचार करा, नोकरीत उशिरा कोण येतं? मागासवर्गीय उमेदवार, कारण वयाची सवलत त्यांनाच जास्त आहे. शिवाय अनुकंपावर लागलेल्या विधवा, घर सावरून परीक्षा दिलेल्या बायका. एका हाताने दिलेली वयाची सवलत दुसऱ्या हाताने पेन्शनीत कापून घेतली जाते. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण २५ हा आकडा ठरवताना ही माणसं खोलीत नव्हती, २००५ साली नव्हती तशीच. संघटना अडून बसली आहे ती यासाठी. त्यात थोडा हट्टही आहे, नाही म्हणत नाही.

"कोर्टात जाऊन मिळवता येणार नाही का?" हे पुढे विचारालच. १७ डिसेंबर १९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचा डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा निकाल सगळ्यांना पाठ असतो: पेन्शन ही खिरापत नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पण तो खटला आधीच पेन्शन नियमात असलेल्यांमध्ये तारखेवरून भेद करता येईल का, याचा होता. २००५ नंतर ज्याने नवी योजना लिहिलेला नियुक्ती आदेश हातात घेतला, त्याला नकारा थेट तारत नाही. यश आलं ते अरुंद आणि कागदावर सिद्ध होणाऱ्या मुद्द्यावर: "माझी जाहिरात जुन्या नियमांच्या काळातली होती, उशीर तुमच्या प्रशासनाने केला." आधी केंद्राला मार्च २०२३ मध्ये आणि मग राज्याला हे मान्य करावं लागलं. २००५ आधी नेमलेल्या पण ज्यांची शाळा नंतर शंभर टक्के अनुदानावर आली त्या शिक्षकांचं भांडण याच जातीचं आहे. तुमची जाहिरात २००५ नंतरची, तेव्हा तुम्हाला ही वाट नाही. वर्गणी काढून याचिका करू म्हणणारे भेटतील. पैसे देण्याआधी मुद्दा कोणता ते विचारा.

तिजोरीचं काय? तो प्रश्न खोटा नाही. आज सरकार जुन्या पेन्शनरांना पेन्शन देतं आणि नव्यांसाठी १४ टक्के भरतं, असा दुहेरी भार आहे. उद्या जुनी योजना आणली तर १४ टक्के लगेच वाचतात आणि खरं बिल पुढच्या दशकात, २००५ नंतरची फळी निवृत्त होईल तेव्हा येतं. रिझर्व्ह बँकेने राज्यांना हाच इशारा दिला होता. राजस्थानने २०२२ मध्ये जुनी योजना परत आणली, पाठोपाठ छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचलने तेच जाहीर केलं, आणि त्यांनी एनपीएसमध्ये गेलेला पैसा परत मागितला तेव्हा कायद्यात तशी तरतूद नाही, असं केंद्राने सांगितलं. आमच्या बाजूने याला उत्तर हवं असेल तर ते घोषणा नसावी. मी म्हणतो, कपात घ्यायची तर घ्या, पण वेतन आयोगाची जोड, अपंग अपत्याचा हक्क आणि २५ ऐवजी २० वर्षांची अट, एवढं द्या. संघटनेत माझं हे मत अल्पमतात आहे. असो.

आता विकल्प. मुदत आणि अटींसाठी वित्त विभागाचा ताजा शासन निर्णय स्वतः वाचा, कुणी पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा सारांश नको. राज्याची सुधारित योजना आणि केंद्राची यूपीएस यांच्या अटी शेजारी-शेजारी ठेवा आणि तुमची २२ वर्षं दोन्हींत किती धरतात ते आधी पाहा. तुम्ही लिहिलंत त्यावरून माझा कल हमीच्या पेन्शनीकडे आहे: २०३१ ला तुमच्या एनपीएस खात्यात फार मोठी रक्कम नसेल, आणि घरात दुसरी पेन्शन नाही. नवरा सरकारी नोकरीत असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

पण विकल्पाआधी एक काम करा. २००९ ते २०१५ हा डीसीपीएसचा काळ. तेव्हा पगारातून कापलं गेलं, पण वर्षाच्या हिशेब चिठ्ठ्या अनेकांना मिळाल्याच नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे तर ढीगभर महिने गायब आहेत. यूपीएसमध्ये खात्यातली रक्कम अपेक्षित रकमेपेक्षा कमी भरली तर पेन्शन त्या प्रमाणात उतरते. म्हणजे कुणा लिपिकाने २०११ साली चुकीच्या लेखाशीर्षाखाली टाकलेली तुमची कपात २०३१ मध्ये तुमच्या ताटातून जाते. पहिल्या पगारापासूनची पगारपत्रकं काढा, 'प्रान', म्हणजे तुमच्या एनपीएस क्रमांकाच्या, खात्याच्या उताऱ्याशी महिन्यागणिक ताडून पाहा, न जुळणाऱ्या महिन्यांची यादी करून आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे तुमचा पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी द्या. सेवापुस्तकात नामनिर्देशनाचं पान कोरं आहे का तेही बघा. माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांत ते पान कोरं असणं हीच सर्वसाधारण गोष्ट होती.

अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "साहेब नंतर देतील" म्हणाले तर तिथेच बाकावर बसा.